उरलेल्या टेपवरचं गाणं : सहा जणांच्या याद्यांचं एक प्रकरण

२०२३ च्या जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत आम्ही सहा जणांनी एकमेकांना घरी जुळवलेल्या गाण्यांच्या याद्या पाठवल्या. त्याची नोंद माझ्याकडे एका दोनशेपानी वहीत आहे, कारण हिशेब तपासणं हा माझा धंदा आणि वही ठेवणं ही खोड. हे सगळं त्या वहीवरून लिहितोय.

आधी माणसं. सगळ्यांत वडील ते काका. बँकेतून निवृत्त, डोंबिवलीत आमच्याच गल्लीत राहतात, पेटी वाजवतात. सिस्टर मूळच्या वाईच्या, कल्याणच्या एका इस्पितळात रात्रपाळी करतात. सर अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतात. मडगावचा माझा जुना मित्र, त्याला आम्ही मडगावकरच म्हणतो. मस्कतला नोकरीला असलेला आतेभाऊ. आणि पुण्यात इंजिनिअरिंग करणारी माझी भाची, जी काकांना आजोबा म्हणते आणि शास्त्रीय संगीताला ‘तुमचं ते’. मी धरून सात होतात, पण मी वही सांभाळणारा. माझी यादी कुणी मागितली तरच देणारा.

आदल्या डिसेंबरात पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात आम्ही चौघं भारतीय बैठकीत शेजारी शेजारी बसलो होतो. कल्पना निघाली तिथे, दोन गाण्यांच्या मधल्या वेळात. दर महिन्याला प्रत्येकानं एकाला यादी द्यायची, चिठ्ठ्या टाकून जोड्या ठरवायच्या. इतकंच.

जानेवारीत सरांनी ११२ गाण्यांची यादी पाठवली. काकांनी दहा गाणी दिली. त्यात भीमसेन, लता, बाबूजी, म्हणजे जे घरात सनईसारखं वाजतच असतं ते सगळं. भाचीनं ज्या ॲपची लिंक दिली ते काकांच्या फोनवर नव्हतं. आतेभावाची निम्मी गाणी इथे उघडेनात, आमची निम्मी तिकडे. गाण्यांचे हक्क देशागणिक वेगळे विकले जातात, त्यामुळे नाव दिसतं पण ओळ राखाडी असते. सगळ्यांनी ग्रुपवर अंगठा दाखवला. मराठीत अंगठा दाखवण्याचा जो अर्थ आहे तोच खरा निघाला. कुणीही कुणाचं काही ऐकलं नव्हतं. फेब्रुवारीतही तेच. वहीत त्या दोन महिन्यांपुढे माझ्या अक्षरात ‘निरंक’ लिहिलेलं आहे.

मार्चच्या पहिल्या रविवारी काका कॅसेट घेऊन आले.

ती सी-नव्वद होती; एका बाजूला ४५ मिनिटं. कॅसेटच्या पाठीवरचे दोन्ही छोटे प्लास्टिकचे तुकडे मोडलेले, म्हणजे चुकूनही त्यावर दुसरं काही टेप होऊ नये. आतल्या कार्डावर निळ्या बॉलपेननं काकांच्या गोल अक्षरात गाण्यांची नावं, दोन्ही बाजूंची. आणि दुसऱ्या बाजूच्या अगदी तळाशी, हिरव्या शाईत, बारीक तिरप्या अक्षरात : ‘भैरवी – केसरबाई’.

‘‘हे माझं अक्षर नाही,’’ काका म्हणाले.

ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तेव्हा स्टेशनजवळ एखादं तरी दुकान असायचं जिथे आपण कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी द्यायची, आणि दुकानदार आपल्याकडच्या रेकॉर्डवरून ती भरून द्यायचा. ‘गुरुवारी या’ म्हणायचा, मिळायची शनिवारी. कायद्याच्या नजरेत हा चोरीचाच मामला, पण पापभीरू कारकुनांपासून मास्तरांपर्यंत सगळे रांगेत असत. काकांनी १९८४ साली अशीच यादी दिली. सगळी सिनेमाची गाणी. हिशेब चुकला आणि शेवटी साडेतीन-चार मिनिटं टेप उरली. कोरी टेप परत देणं त्या दुकानदाराच्या जिवावर आलं असावं. त्यानं न विचारता, जादा पैसे न घेता, स्वतःच्या पसंतीचं एक गाणं भरलं आणि कार्डावर तसं लिहून ठेवलं.

काका पहिल्यांदा चिडले. केसरबाई केरकर हे नाव त्यांनी ऐकलं होतं, पण बँकेत नव्यानं लागलेल्या पोराला ख्यालाशी काय देणंघेणं. तरी कॅसेट संपेपर्यंत उठायचं नाही अशी सवय, म्हणून ते दर वेळी कानावर पडत राहिलं. विसाव्या-पंचविसाव्या खेपेला लक्षात आलं की आपण कॅसेट त्या शेवटच्या गाण्यासाठी लावतोय. पेटी त्यानंतर शिकले.

मैफल भैरवीनं संपवायची असते, हे त्या दुकानदाराला नक्की ठाऊक असणार. नुसती टेप भरायची असती तर हाताला लागेल ते भरता आलं असतं.

यात एक गोष्ट अशी आहे की ती काकांना इतक्या वर्षांत कळली नव्हती, त्या रविवारी आम्ही सांगितली. ‘जात कहाँ हो’ ही केसरबाईंची भैरवी १९७७ साली अमेरिकेच्या व्हॉयेजर या अंतराळयानांवर बसवलेल्या सोनेरी तबकडीवर आहे. त्या तबकडीवर जगभरातले संगीताचे २७ तुकडे आहेत, भारतातला हा एकच. ती यादीही तशी घरगुतीच होती : खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन आणि त्यांच्या भोवतीच्या मूठभर माणसांनी थोड्या आठवड्यांत जमवलेली, वाद घालून, एकमेकांना ऐकवून. केसरबाईंचं नाव सुचवलं रॉबर्ट ब्राऊन या संगीत-अभ्यासकानं. रेकॉर्ड मात्र मिळेना. शेवटी त्या मूठभरांतल्याच ॲन ड्रुयन यांना ती न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या, विजेच्या घरगुती वस्तू विकणाऱ्या दुकानात सापडली. टेबलाखालच्या खोक्यात, तीन प्रती, न उघडलेल्या. व्हॉयेजर-१ सुटलं ५ सप्टेंबर १९७७ ला. केसरबाई गेल्या त्याच महिन्यात, १६ तारखेला.

एकूण संगीत साधारण ९० मिनिटं. म्हणजे सी-नव्वदच की! (तिथे शेवट मात्र बेथोव्हेननं केलाय. डोंबिवलीचा दुकानदार जास्त जाणकार होता, असं काकांचं मत.)

तर मार्चमध्ये आम्ही नियम बदलले. यादी एका बाजूची, म्हणजे ४५ मिनिटांची. एक मिनिटही जास्त नाही. घेणाऱ्याच्या ओळखीची नावं दोनच चालतील. यादी कागदावर हातानं लिहायची आणि त्याचा फोटो पाठवायचा. गाणं कुठे शोधायचं हे ज्यानं त्यानं आपापल्या ॲपवर बघावं. ‘छान’, ‘मस्त’ असं उत्तर बाद. उत्तरात एवढंच सांगायचं : कुठलं गाणं अर्ध्यात थांबवलं, आणि कितव्या मिनिटाला. शेवटचा नियम काकांचा. देणाऱ्यानं चाळीसच मिनिटं भरायची. उरलेल्या टेपवर तिसऱ्याच माणसानं गाणं टाकायचं, देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला न विचारता. त्याला आम्ही ‘हिरवी शाई’ म्हणू लागलो.

माझा या शेवटच्या नियमावर विश्वास नव्हता. मला वाटलं, जो माणूस घेणाऱ्याला ओळखून, त्याचा कल बघून यादी करतो त्याचंच गाणं लागू पडणार. वही वेगळं सांगते. वर्षभरात ज्या गायकांची नावं पुन्हा पुन्हा आली, ज्यांची आणखी गाणी कुणीतरी आपणहून शोधली, त्यांतली बहुतेक हिरव्या शाईतून आलेली आहेत. याचं कारण मला थोडंफार लागलंय असं वाटतं. ओळखून दिलेली यादी ही माणूस आधीच जिथे उभा आहे तिथेच त्याला खुर्ची देते. ॲपही तेच करतं. तिसऱ्याला ती काळजी नसते. त्याला आपलं गाणं कुठेतरी खपवायचं असतं.

एप्रिलचं उदाहरण घ्या. यादी भाचीची, घेणारे काका, हिरवी शाई मडगावकराची. त्यानं टाकलं सेझारिया एव्होराचं ‘सोदादे’. आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात केप व्हर्दे नावाची बेटं आहेत, तिथली ही गायिका. १९४१ चा जन्म, मिंडेलो बंदरातल्या बारमधून गाण्यात उभा जन्म गेला, आणि जगाला कळली पन्नाशीत. मंचावर अनवाणी गायची. काकांनी रात्री साडेदहाला मला फोन केला. ‘‘अरे, हे कोकणी नाही ना?’’

नाही, ती तिथली क्रिओल भाषा. पण काकांनी बँकेच्या मडगाव शाखेत चार वर्षं काढलेली, लग्नाकार्यात मांडो ऐकलेले. ते म्हणाले, ‘‘मला मांडोच ऐकतोय असं वाटलं. संपता संपता आता दुलपद येईल म्हणून वाट बघत बसलो.’’ मांडो संथ, हुरहूर लावणारा, आणि त्याच्या शेपटाला उडतं दुलपद, ही गोव्याची रीत. केप व्हर्देचा मोर्ना हा गानप्रकारही तसाच संथ, डोलत्या चालीचा. मडगावकरानं दुसऱ्या दिवशी ग्रुपवर खुलासा केला : दोन्हीकडे राज्य पोर्तुगीजांचंच, आपल्याकडे १९६१ पर्यंत, तिकडे १९७५ पर्यंत, दोन्हीकडून माणसं बोटीत बसून पोटासाठी लांब गेली. ‘सोदादे’ हे साओ टोमे बेटावर मजुरीला गेलेल्यांविषयीचं गाणं आहे. मांडोच्या साथीचं घुमट हे मातीचं वाद्य तिकडे नाही, हा त्यानं नोंदवलेला एकमेव दोष.

काका त्या महिनाभरात पेटीवर ते बसवायच्या मागे लागले. नीट बसलं नाही. आमच्या सोसायटीच्या जिन्यात ते अजून ऐकू येतं.

सरांना सिस्टरनी यमुनाबाई वाईकर दिल्या. सरांच्या मते लावणी म्हणजे घुंगरू, शिट्ट्या आणि गणपतीतला लाउडस्पीकर. वहीतली नोंद : ‘१ मि. १० से. ला थांबवलं.’ सिस्टरांनी त्याखाली आपल्या अक्षरात लिहिलं, ‘बसून ऐका.’ बैठकीच्या लावणीत गाणारी बसलेली असते. एकच ओळ ती दहा-बारा वेळा घोळवते आणि दर वेळी हातानं, डोळ्यांनी, मानेच्या एका झटक्यानं तिचा अर्थ फिरवते. नुसत्या ध्वनिमुद्रणात त्यातलं अर्धंच पोचतं. तेव्हा सिस्टरांनी सरांना व्हिडिओ बघायला लावला. म्हातारपणीच्या यमुनाबाई, डोक्यावर पदर, मांडी घालून. सर पूर्ण बघून गप्प झाले. यमुनाबाईंना पद्मश्री मिळाली २०१२ ला, वयाच्या सत्त्याण्णवीच्या आसपास. त्या २०१८ ला गेल्या, शंभरी ओलांडून. सिस्टर म्हणतात, ‘‘आमच्या वाईच्या, म्हणून मी सांगत नाही.’’ म्हणूनच सांगतात, आणि का सांगू नये?

आतेभावाची गोष्ट निराळी. त्याच्या मस्कतच्या कचेरीत अदिस अबाबाचा एक सहकारी आहे. त्याच्याकडून त्यानं हिरव्या शाईत एक तिझिता आणली. तिझिता म्हणजे आठवण. इथिओपियात हे गाण्याच्या प्रकाराचंही नाव आहे आणि सुरावटीचंही. काकांनी पेटी ओढली, दोन मिनिटं चाचपडले आणि म्हणाले, ‘‘हा तर भूप!’’ खरं आहे. तिझिताच्या एका प्रकारात सा रे ग प ध हेच पाच सूर असतात. पण काकांनी आरोह वाजवून दाखवल्यावर त्यांनाच जाणवलं की भूप होत नाहीये. सूर तेच, पण कुठे थांबायचं, कुठून वळायचं, ते सगळं परकं. त्या रात्री आमच्यात राग म्हणजे नुसती सुरांची यादी नव्हे यावर जी चर्चा झाली ती सवाईच्या मंडपात कधी झाली नव्हती. मग तिथलेच गायक महमूद अहमद आले, मुलातू अस्तात्केंचा व्हायब्राफोन, म्हणजे धातूच्या पट्ट्यांचं वाद्य, आला. सरांनी त्या वाद्याचं फिजिक्स समजावून सांगितलं. ते मी वहीत घेतलेलं नाही.

भाचीनं सरांच्या यादीत टाकलेला टिनारिवेन हा गट. सहारातले तुआरेग लोक, तमाशेक भाषेत गाणारे. त्यांच्या म्होरक्यानं, इब्राहिम अग अल्हबीबनं, लहानपणी पत्र्याचा डबा, काठी आणि सायकलच्या ब्रेकची तार जोडून पहिली गिटार केली. काकांना आवडला तो पुढचा भाग : सुरुवातीच्या वर्षांत ही मंडळी कोरी कॅसेट आणून देईल त्याला गाणी फुकट टेप करून देत, आणि त्या कॅसेटींच्या कॅसेटी होत होत गाणी वाळवंटभर पसरली. २०१२ ला त्यांना ग्रॅमी मिळालं. त्यांच्याकडे ‘असूफ’ म्हणून एक शब्द आहे, एकटेपणा आणि ओढ दोन्ही त्यात. सिस्टरांच्या लक्षात आलं की सोदादे, तिझिता, असूफ, तिन्ही एकाच गल्लीतली. तेव्हापासून ग्रुपचं नाव ‘हुरहूर’ आहे. आधी ‘सूरसंगम’ होतं, ते मी सुचवलेलं. असो.

आता न जमलेलं.

काकांनी भाचीला मल्लिकार्जुन मन्सूर दिले, २५ मिनिटं. नोंद : ‘० मि. ५० से.’ पुढच्या खेपेला कुमार गंधर्व, ‘१ मि. ०५ से.’ काका दुखावले. पण तिचं म्हणणंही ऐकण्यासारखं होतं. तिची सगळी ऐकण्याची सवय ॲपवर घडलेली; तिथल्या गाण्याला पहिल्या काही क्षणांत पकडावंच लागतं. स्पॉटिफायवर ३० सेकंद वाजलं की ते ऐकलं असं मोजतात. तीस सेकंदांत आपल्याकडे तंबोरेही नीट लागलेले नसतात. काकांनी मग उलट्या बाजूनं दार उघडलं. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावत, त्यामुळे त्या काळच्या गवयांना सगळं तेवढ्यात आटपावं लागे. पहिल्या सुरापासून ऐवज हातात. काकांनी फक्त तसल्या चार तबकड्यांची यादी केली. पहिलं अर्थातच केसरबाई. भाचीनं एकही थांबवलं नाही. तिथून ती मोगूबाईंकडे गेली, मग किशोरीताई, मग केसरबाईंकडे शिकलेल्या धोंडूताई कुलकर्णी. म्हणजे एकाच घराण्याच्या जिन्यानं चढली, आपलं आपण. मन्सूर अजून नाही. काका म्हणतात, येईल. मला खात्री नाही, आणि नाही आली तरी बिघडलं काय?

धोंडूताईंना शोधताना मात्र तिचा जीव मेटाकुटीला आला. जुन्या ध्वनिमुद्रणांच्या नोंदी बघाल तर हसाल की रडाल. गायिकेच्या जागी कंपनीचं नाव, रागाच्या जागी ‘ट्रॅक ४’, तबलजीचा पत्ता नाही. रोमन लिपीत वाईकरांचं स्पेलिंग दोन तऱ्हांनी, धोंडूताईंचं तीन. सापडत नाही म्हणून ऐकलं जात नाही, आणि ऐकलं जात नाही म्हणून कुणी नाव नीट लिहीत नाही.

आणि सर. ऑगस्टमध्ये त्यांनी ग्रुप सोडला. त्यांनी मनापासून, दोन रविवार घालवून एक यादी केली होती, काकांसाठी. त्यातलं त्यांचं सगळ्यांत लाडकं गाणं काकांनी चाळिसाव्या सेकंदाला बंद केलं आणि नियमाप्रमाणे तसं लिहिलं. सर मला म्हणाले, ‘‘मी दिवसभर पोरांना मार्क देतो. घरी येऊन मला परीक्षा द्यायची नाही.’’ या नियमाची कल्पना माझी होती. मला वाटलं होतं, खोट्या वाहवापेक्षा खरा आकडा बरा. आकडा खराच होता. पण गाणं देणारा माणूस गाण्याबरोबर थोडा स्वतःही जातो, आणि ४० सेकंदांचा आकडा त्याला लागतो, हे मी हिशेबात धरलं नाही. सप्टेंबरपासून आम्ही ‘थांबवलं’ऐवजी ‘दुसऱ्यांदा कुठलं ऐकलं’ एवढंच विचारतो. माहिती कमी मिळते. भांडण नाही.

ऑक्टोबरात सरांचा निरोप आला : ‘यादी करणार नाही, घेणारही नाही. उरलेल्या टेपचं काम असेल तर कळवा.’ तेव्हापासून हिरवी शाई बहुतेक त्यांचीच असते. कुणाला दिलं, त्याला आवडलं का, हे ते विचारत नाहीत. दुकानदारानं तरी कुठे विचारलं होतं.

त्या दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरं विकतात. काकांसोबत मी नोव्हेंबरात जाऊन आलो. आत बसलेल्या पोराला अर्थातच काही माहीत नव्हतं. दुकानदाराचं नाव काय होतं, असं मी काकांना परतताना विचारलं. ते स्टेशनच्या पुलावर थांबले, जरा आठवून बघितलं. ‘‘कधी विचारलंच नाही,’’ म्हणाले. ‘‘सगळे शेठ म्हणायचे.’’

जानेवारीची यादी मला करायला सांगितलीये, सिस्टरांसाठी. एक्केचाळीस मिनिटं भरलीत, म्हणजे एक मिनिट जास्तच झालं, सांभाळून घेतील. सरांना काल रात्री निरोप टाकलाय की चार मिनिटं मोकळी आहेत. निळ्या दोन खुणा दिसतायत. गाणं अजून आलेलं नाही.